शंभर भागांची कादंबरी आणि हरवलेली किल्ली

पाणवठा (धागाकर्ती) :

गेली दोन वर्षं मी एक कादंबरी भागाभागांनी लिहिते आहे. आठवड्याला एक भाग, दीड हजार शब्दांच्या आसपास. परवा ९६वा भाग टाकला. एक लाख चाळीस हजारांच्या वर शब्द झाले आणि गोष्ट अजून संपायची आहे. सुरू केली तेव्हा चाळीस भागांत आवरेल असं वाटलं होतं.

धरणाच्या पाण्याखाली गेलेलं एक गाव, तिथून उठून दुसरीकडे वसलेलं कुटुंब आणि त्यांच्या तीन पिढ्या, असा पट आहे. वडील, थोरली, धाकटा ही पहिली माणसं; पुढे त्यांची मुलं-नातवंडं.

९६व्या भागाखाली एका वाचकाने दोन ओळींचा प्रतिसाद दिला : "चौथ्या भागात थोरलीने घर सोडताना दाराला कुलूप घातलं आणि किल्ली कनवटीला खोचली. त्या किल्लीचं पुढे काय झालं?"

मी चौथा भाग उघडला. चार दिवसांनी ज्या घरावर पाणी चढणार आहे, त्या घराला ती कुलूप घालते. वडील म्हणतात, "कशाला?" ती उत्तर देत नाही. कुलूप दोनदा ओढून बघते आणि चालायला लागते. हे मीच लिहिलं होतं आणि साफ विसरले होते. पुढच्या ९२ भागांत किल्लीचा उल्लेखसुद्धा नाही.

मग दोन रात्री बसून ५०व्या भागापासून सगळं ओळीने वाचलं. सुटा घेतला तर एकही भाग टाकाऊ नाही. पण सलग वाचताना दिसलं, की रात्री ओसरीवर दोघं बोलतायत, एकजण काहीतरी लपवतोय आणि दाराआडून तिसरं कोणीतरी ऐकतंय, हा प्रसंग चार वेळा आलाय. माणसं वेगळी, प्रसंग तोच.

इथे पुष्कळ जणांनी लांब मालिका लिहिल्या आहेत, त्याहून जास्त जणांनी वाचल्या आहेत. एवढ्या लांबीत बांधणी कशी टिकवता? आणि आधीच लिहून बसलेल्या ९६ भागांचं मी काय करू?

रात्रपाळी :

शेवट ठरलाय का? आधी एवढंच सांगा, बाकीचं नंतर बोलू.

पाणवठा :

अर्धवट. थोरली म्हातारपणी त्या पाण्याच्या काठावर परत येते, इथवर दिसतं. तिथे येऊन ती काय करते ते दिसत नाही.

मुद्रितशोधक :

माझं कामच दुसऱ्यांचं लिखाण ओळीओळीने तपासायचं आहे, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

लांब कादंबरीत सगळ्यात आधी बिघडतो तो हिशेब. भाषा बरेच दिवस तग धरते, कारण ती रोजच्या सरावाची असते. पण थोरलीने किल्ली कनवटीला खोचली त्या क्षणी वाचकाने ती तुमच्या नावावर मांडून ठेवली. तुम्ही विसरलात, त्याच्या वहीत ती आहेच. असं प्रत्येक भागात थोडं थोडं उसनं घेतलं जातं, आणि पन्नासाव्या भागाच्या पुढे कोणाकोणाचं देणं आहे हे लेखकालाच सांगता येत नाही.

म्हणून वही घाला. प्रत्येक भागाला एक ओळ, पाच रकाने. कथेतला काळ आणि त्या वेळी कोणाचं वय किती. कोण कोण हजर होतं. कोणती वस्तू कोणाकडे गेली. कोणता प्रश्न उघडा राहिला. पाचवा रकाना लोक हमखास विसरतात, आणि माझ्या मते तोच मुख्य : या भागाअखेर कोणाला काय माहीत आहे. मी पाहिलेल्या चुकांत वय आणि तारखांपेक्षा या जास्त असतात. एका भागात पात्राला गुपित कळलेलं असतं आणि दहा भागांनंतर तेच ऐकून ते दचकतं.

आता कुठली चूक किती मनावर घ्यायची, तेही सांगतो. आर्थर कॉनन डॉइलच्या १८८७ सालच्या पहिल्या होम्स-कथेत डॉक्टर वॉटसनला गोळी खांद्याला लागलेली आहे, १८९० सालच्या दुसरीत दुखतो तो पाय. वाचकांनी ती चूक शोधली, तिच्यावर प्रेमाने वाद घातले, आणि वाचत राहिले. उलट विल्की कॉलिन्सची 'द वुमन इन व्हाइट' १८५९-६० मध्ये साप्ताहिकातून क्रमशः आली. तिच्यातलं सगळं कारस्थान एक बाई कोणत्या तारखेला प्रवासाला निघाली या एका गोष्टीवर उभं आहे. पुस्तक निघाल्यावर 'द टाइम्स'च्या परीक्षणात दाखवून दिलं, की ही तारीख साधारण दोन आठवड्यांनी चुकते आहे. कॉलिन्सला पुढच्या आवृत्तीत ती दुरुस्त करावी लागली. वॉटसनच्या जखमेवर गोष्टीचं ओझं नव्हतं, या तारखेवर सगळंच ओझं होतं.

तुमच्या किल्लीवर किती ओझं आहे, ते तुम्ही ठरवा. मला तरी बरंच वाटतं.

उलटा कागद :

मला हे रकान्यांचं पटत नाही. मी चार मालिका लिहिल्या, त्यातली एक ११० भागांची. आराखडा करून लिहिलेली दुसरी मालिका सगळ्यात निर्जीव झाली, कारण पुढच्या वळणावर काय आहे ते मला आधीच ठाऊक होतं आणि माझी उत्सुकता संपली होती. लेखकाची उत्सुकता मेली की दोन-तीन भागांत वाचकालाही ते कळतं.

इंग्रज कादंबरीकार डिकन्सचंच घ्या. १८३६ मध्ये त्याचं 'पिकविक' मासिक अंकांतून सुरू झालं ते चित्रांना जोड म्हणून मजकूर हवा होता म्हणून. पहिला अंक निघाल्यावर थोड्याच दिवसांत मूळ चित्रकार वारला. चौथ्या अंकात सॅम वेलर नावाचा एक बूट पुसणारा पोरगा आला आणि खप उसळला. पहिल्या दिवशी कोणी आखून ठेवलं असतं, तर सॅमला जागाच मिळाली नसती.

मुद्रितशोधक :

'पिकविक'बद्दल तुमचं खरं आहे, पण तोच माणूस दहा वर्षांनी कसा लिहायला लागला तेही बघा. १८४६ च्या 'डॉम्बी अँड सन'पासून पुढे त्याचे अंकवार आराखडे आज उपलब्ध आहेत. दर महिन्याचा अंक ३२ छापील पानांचा, आणि प्रत्येक अंकासाठी एक कागद. कागदाचे दोन भाग. उजवीकडे त्या अंकात येणारी प्रकरणं आणि त्यांतले प्रसंग. डावीकडे स्वतःशी बोलणं : अमक्याला या अंकात आणायचं का? तमकीचं पुढे न्यायचं का? आणि त्यासमोर नंतर लिहिलेलं उत्तर. हो. नाही. अजून नाही.

ते 'अजून नाही' मला फार मोलाचं वाटतं. तो पात्राला विसरलेला नाही, त्याला मुद्दाम थांबवून ठेवतो आहे. वाचकाला दोन्ही वेळेला पात्र दिसत नाहीच, पण कुठे विसर पडलाय आणि कुठे राखून ठेवलंय, हे त्याला पानागणिक जाणवतं. पाणवठाताईंनी नव्वद भाग किल्ली 'अजून नाही' म्हणून ठेवली असती, तर ती नसतानाही गोष्टीत राहिली असती. थोरलीचा हात एखाद्या वेळी कमरेशी गेला असता, एवढंच.

आणि हा आराखडा संपूर्ण कादंबरीचा नव्हता, एका अंकाचा होता. तुमच्या उत्सुकतेला त्यात भरपूर जागा आहे.

उलटा कागद :

एका अंकाचा आराखडा असेल तर माझी हरकत नाही. मी सबंध कादंबरी आधी तक्त्यात बसवण्याबद्दल बोलत होतो.

कथाप्रेमी :

+१. वाचनखूण साठवली आहे.

नुसती वाचक :

मी काही लिहीत नाही, पण क्रमशः वाचायची सवय लहानपणापासूनची. मालिका अर्ध्यात सोडून द्यावीशी का वाटते, ते माझ्या बाजूने सांगते.

पहिलं कारण म्हणजे प्रत्येक भागाच्या शेवटी बसणारा धक्का. सुरुवातीला मजा येते. दार वाजतं, पत्र सापडतं, कोणीतरी कोसळतं, आणि खाली 'क्रमशः'. विसाव्या धक्क्याला मला माहीत असतं, की पुढच्या भागाच्या दुसऱ्या परिच्छेदात हे निवळणार. दार वाजवणारा शेजारी निघणार. एकदा हे कळलं की लेखकाच्या कुठल्याच शेवटावर विश्वास बसत नाही, खऱ्या शेवटावरही नाही.

टॉमस हार्डीच्या एका सुरुवातीच्या कादंबरीत, १८७२-७३ मध्ये ती मासिकातून येत होती, एक माणूस कड्याच्या टोकाला लटकलेला राहतो. पण माझ्या लक्षात राहिलं ते लटकणं नाही. त्या माणसाला नाकासमोरच्या खडकात एका प्राचीन जीवाचा अवशेष दिसतो, दगड झालेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघणारा. तो मरणाच्या दारात आहे आणि समोर कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेलं काहीतरी आहे. वाचकाला थांबवलं, तर थांबलेल्या जागी बघायला असं काहीतरी द्यावं. मग आठवडा काय, महिना थांबायला तयार आहे मी.

दुसरं कारण, माणसं. तीसच्या वर नावं झाली की मी गोंधळते. वीस भागांनी परत आलेल्या पात्राची ओळख करून देताना बरेच लेखक "वाचकांना आठवत असेल, हा तोच जो..." असं लिहितात. नका लिहू. त्याला त्याची सवय द्या. पाणवठाताई, तुमचे वडील कुठलंही दार बंद करण्याआधी आत डोकावून "कोणी आहे का?" म्हणतात. साठाव्या भागात ते कितीतरी दिवसांनी आले, नाव यायच्या आधी तो आवाज आला आणि मला चटकन उमजलं.

आणि तिसरं म्हणजे आवाज. ह. ना. आपट्यांनी १८९० मध्ये 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातून क्रमशः येत गेली. सगळी गोष्ट नायिका यमू स्वतः सांगते. हप्त्याहप्त्याने आलेली असूनही ती एकसंध वाटते, कारण सांगणारी एकच आहे आणि तिला जे दिसणार नाही ते आपल्यालाही दिसत नाही. तुमच्या कादंबरीत पहिले तीस भाग थोरलीच्या नजरेतून आहेत. मग हळूहळू नजर घरभर फिरायला लागली. ओसरीवरचा तो प्रसंग चार वेळा यायचं कारण मला तेच वाटतं. नजर कोणाचीच नसेल, तर लपून ऐकणारं कोणीतरी दर वेळी लागतंच.

पाणवठा :

नुसती वाचक, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ३४व्या भागात थोरली आजारी पडते, तेव्हा पहिल्यांदा मी तिच्या खोलीबाहेर गेले. ती बरी झाली, पण मी परत आत आलेच नाही.

शंभरीपार :

मी माझा अनुभव लिहितो, कारण तो अजून सलतो.

एका संकेतस्थळासाठी मी मालिका लिहीत होतो. आठवड्याला दोन भाग. ८४व्या भागात गोष्ट संपली होती. मुलगा बापाला माफ करतो, तिथे ती संपायलाच हवी होती. चालवणाऱ्यांनी सांगितलं, वाचक आहेत तोवर चालू द्या. मीही हो म्हणालो, कारण रोज कोणीतरी वाट बघतंय याची चटक लागते. मग मी १३१ भागांपर्यंत ती ओढली. आधी एक अपघात आणला. मग दूरचा नातेवाईक आणून जमिनीचा वाद लावला. तेही पुरेना तेव्हा सगळ्यांची लाडकी आजी मारली. तिच्या मरणाने पुढे काहीच बदललं नाही. दोन भाग रडण्यात गेले आणि तिसऱ्यात सगळे परत जमिनीवर भांडायला लागले. आजी मेली ती फक्त मला त्या आठवड्यात काही सुचत नव्हतं म्हणून. १३१ला मी थांबलो. खाली 'क्रमशः' तसंच आहे. अजूनही कोणीतरी तिथे "पुढचा भाग कधी?" म्हणून विचारून जातं.

यातून मी ज्या दोन गोष्टी आता पाळतो, त्या सांगतो.

एक म्हणजे खंड. दहा-बारा भागांचा एक खंड धरायचा आणि त्याला स्वतःचा एक प्रश्न द्यायचा. खंड संपेल तेव्हा असं काहीतरी झालेलं पाहिजे जे परत फिरवता येणार नाही. घर गेलं, लग्न मोडलं, खोटं उघडं पडलं, एखाद्याने माघार घेतली. दहा भागांनंतर माणसं होती तिथेच असतील, तर ते दहा भाग लिहायचे राहिले तरी चाललं असतं. अशा वेळी मी खंडाचा मजकूर एका वाक्यात लिहून बघतो. वाक्यात 'आणि मग' एवढंच येत राहिलं तर काम फसलंय. 'म्हणून' किंवा 'पण तरीही' आलं तर चालतंय.

दुसरी म्हणजे राखीव भाग. सहा भाग लिहून बाजूला असल्याशिवाय मी पहिला भाग टाकत नाही, आणि मधे साठा दोनवर आला तर सरळ सुट्टी जाहीर करतो. महिन्याभराची सुट्टी वाचक सहज माफ करतात, पण ओढूनताणून लिहिलेला महिना माफ करत नाहीत. राखीव साठ्याचा खरा फायदा वेळेचा नाहीच. सहावा भाग लिहिताना पहिल्यात काय पेरायला हवं होतं ते कळतं, आणि पहिला अजून माझ्या हातात असतो.

रात्रपाळी :

शंभरीपार, हे मोकळेपणाने लिहिलंत, मनापासून आभार.

वाचकांबद्दल एक मुद्दा राहिला. क्रमशः लिहिताना खाली प्रतिसाद येत राहतात आणि त्यांतून गोष्ट वाकते. तेही जुनंच दुखणं. 'डेव्हिड कॉपरफील्ड' १८४९-५० मध्ये अंकाअंकाने येत असताना त्यात मिस मोचर नावाची एक बुटकी बाई आली, जरा संशयास्पद रंगात. त्या वर्णनात स्वतःला ओळखणाऱ्या एका बाईंनी दुखावून डिकन्सला पत्र लिहिलं. त्याने पुढच्या अंकांत ते पात्र भलं करून टाकलं. माणूस म्हणून त्याने योग्यच केलं. पण पुस्तक सलग वाचताना तिथे शिवण दिसते, आधीची मोचर आणि नंतरची मोचर नीट जुळत नाहीत.

त्यामुळे मी प्रतिसादांची विभागणी करतो. "हे मला कळलं नाही", "इथे मला कंटाळा आला", "हे विसरलात का" हे तिन्ही जसेच्या तसे मनावर घेतो, कारण वाचताना काय झालं हे वाचकच सांगू शकतो. "पुढे असं करा" यातलं काहीही घेत नाही. आणि एखाद्याने माझं गुपित आधीच ओळखलं, तर ते मुळीच बदलत नाही. त्याने ओळखलं याचा अर्थ मी खुणा नीट पेरल्या. त्याला चकवायला शेवट बदलला, तर आधीच्या सगळ्या खुणा खोट्या पडतात, आणि ज्या शेकडो जणांनी काहीच ओळखलं नव्हतं त्यांच्यावर अन्याय होतो.

शेवटाचं मी आधी विचारलं ते यासाठीच. शेवटच्या प्रसंगात काय होईल ते ठाऊक नसलं तरी चालेल. शेवटी कुठल्या प्रश्नाचं उत्तर मिळणार ते मात्र पाहिजे. तुमची कादंबरी काय विचारते, पाणवठाताई? धरण, तीन पिढ्या, हा झाला पट. प्रश्न कोणता?

पाणवठा :

याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही, म्हणून तेरा दिवस गप्प होते. तेवढ्या दिवसांत वही घातली. ९६ भाग पहिल्यापासून वाचले, पाच रकाने भरले. वाचताना काही दुरुस्त करायचं नाही, नुसतं लिहून ठेवायचं, असा नियम केला. तो पाळणं जड गेलं, पण तो नसता तर मी बाराव्या भागातच स्वल्पविराम हलवत बसले असते.

जे दिसलं ते सांगते.

उघडे राहिलेले प्रश्न ४१ निघाले. त्यांतले निम्म्याहून जास्त असे आहेत की मी कधी उत्तर देणारच नव्हते, त्या त्या भागाचा शेवट व्हावा म्हणून टाकलेले. धक्क्याबद्दल नुसती वाचक म्हणाल्या ते माझ्या वहीत रकानाभर आहे. खरे प्रश्न नऊ उरले.

पाचव्या रकान्यात मोठी चूक सापडली. ५८व्या भागात धाकट्याला कळतं की वडिलांनी नुकसानभरपाईच्या कागदावर थोरलीचं नाव घातलंच नव्हतं. ७१व्या भागात तो तेच ऐकतो आणि मटकन खाली बसतो. तेरा भाग त्याला माहीत होतं आणि तरी तो बहिणीशी पूर्वीसारखाच बोलत होता. आधी मला वाटलं, ७१ दुरुस्त करावा. मग लक्षात आलं, की माहीत असून तो गप्प राहिला हेच जास्त भयंकर आहे आणि जास्त त्याच्यासारखंही आहे. ७१मधलं त्याचं मटकन बसणं बातमीने नाही, ती बातमी दुसऱ्या कोणाच्या तोंडून उघड झाली म्हणून आहे. एकच वाक्य बदलावं लागलं.

आणि रात्रपाळी, प्रश्न सापडला. चौथ्या भागात वडिलांनीच विचारला होता, "कशाला?" पाण्याखाली जाणाऱ्या घराला कुलूप कशाला?

मुद्रितशोधक :

वा. हे उत्तम झालं.

जुन्या भागांबद्दल माझं मत असं. ज्यावर गोष्टीचं ओझं आहे तेवढंच बदला, आणि बदललेल्या भागाच्या वर एका ओळीत तसं सांगा. बाकीचं पुस्तक करताना.

उलटा कागद :

मी तर म्हणेन, एकही जुना भाग बदलू नका. छापलेला अंक परत बोलावता येत नाही असं समजूनच लिहा. त्या अडचणीतूनच चांगलं सुचतं. ५८ आणि ७१चं तुम्ही केलंत ते त्याचंच उदाहरण आहे. वाक्य बदललं नसतं तरी चाललं असतं, ७३मध्ये त्याच्या तोंडी आलं असतं.

नुसती वाचक :

पण किल्ली? ती कशी परत आणणार? थोरलीला अचानक पेटीत सापडली असं नका करू, मी विनवते.

रात्रपाळी :

नवीन काही आणण्याआधी स्वतःच्या जुन्या भागांतच शोधा. कुठेतरी एखादी ओळ अशी असेल जी तुम्ही लिहिली आणि पुढे वापरली नाही. लांब लिखाणाचा मोठा आधार हाच असतो, मागे इतकं पडलेलं असतं की हवं ते बहुतेक वेळा तिथेच मिळतं. वस्तूचा रकाना बघा.

पाणवठा :

बघितला. आहे.

अकराव्या भागात, नव्या वस्तीतल्या पहिल्या रात्री, थोरली तापाने फणफणलेली असते. धाकटा तेव्हा आठ वर्षांचा. तिचं पांघरूण नीट करून तो बाहेर येऊन बसतो. तिथे एक वाक्य आहे : "त्याची मूठ सकाळपर्यंत मिटलेली होती." हे का लिहिलं होतं मला अजिबात आठवत नाही. बहुधा नुसतं थंडीचं वर्णन म्हणून. पण आठ वर्षांच्या पोराने बहिणीच्या कमरेची किल्ली काढून घेतली आणि कधीच सांगितलं नाही, हे त्या एका वाक्यात नीट बसतं. पुढे भरपाईच्या कागदाबद्दल तो गप्प राहतो, तेही याच माणसाला शोभणारं आहे. आणि थोरलीने किल्लीबद्दल ९२ भागांत कधी विचारलं नाही, कारण ती पाण्यात हरवली असं तिने स्वतःला सांगितलं होतं. मी विसरले होते ते आता तिचं झालं.

नुसती वाचक :

अंगावर काटा आला.

शंभरीपार :

आता खंड पाडा. किती भाग राहिले असं वाटतं?

पाणवठा :

चौदा. एकच खंड, आणि तो पूर्ण थोरलीच्या नजरेतून. ३४व्या भागात सोडलेली तिची खोली मी ९७व्या भागाच्या पहिल्या ओळीत परत उघडते आहे. नऊ प्रश्नांपैकी सहांची उत्तरं तिच्यासमोर मिळतील. दोन तिला कधीच कळणार नाहीत, ती वाचकांना आधीच माहीत आहेत. नववा प्रश्न कुलुपाचा.

शेवटचा प्रसंग काल लिहून ठेवला, ११०वा भाग. पाणी खूप खाली गेलंय, चौथरे उघडे पडलेत, दाराची चौकट कुजून गेली आहे आणि कडीकोयंडा गाळात आडवा पडलाय, कुलुपासकट. धाकट्याची नात थोरलीच्या हातात किल्ली ठेवते. पुढे ती काय करते ते इथे लिहीत नाही.

९७वा भाग येत्या आठवड्यात येणार नाही. हातात सहा भाग राखीव झाले की टाकेन.

नुसती वाचक :

थांबते. पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).